सध्या काय ऐकताय? (माझे कान बेसवर लागलेत)

शुभदा_नाशिक

मंडळी, सध्या कोणता जॅझ अल्बम चालू आहे ते सांगा. माझ्याकडे बिल एव्हान्स ट्रिओचा 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आहे आणि तो बाजूला ठेववत नाही. अल्बमवर नाव पियानोवाल्याचं, पण मी ऐकते ते डबल बेस वाजवणाऱ्या स्कॉट लाफारोसाठी.

बेसवाल्यानं ठेका धरून चालत राहायचं आणि बाकीच्यांनी वर खेळायचं, ही रूढ रीत. लाफारो तसं चालत नाही. एव्हान्सनं एखादी ओळ सुरू केली की हा ती पुरी होण्याआधीच तिला उत्तर देतो. मध्येच वरच्या सुरांत चढतो, भरभर काही बोलतो, आणि नेमका हवा तिथे खाली उतरतो. ड्रमवरचा पॉल मोशनही ठेका ठोकत बसत नाही. सम कुठे आहे हे तिघांना पक्कं ठाऊक आहे, पण ती हात करून दाखवायची गरज कुणालाच वाटत नाही. मला या विश्वासाचं फार अप्रूप वाटतं.

रेकॉर्डिंग 25 जून 1961 चं, न्यूयॉर्कमधल्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात. रविवार होता, दुपार-संध्याकाळ मिळून पाच सेट वाजले. लोकांचं बोलणं, ग्लासांचे आवाज, सगळं त्यात आलंय. 6 जुलैला लाफारो मोटार अपघातात गेला. वय 25. अठराव्या वर्षापर्यंत त्यानं बेस हातात धरलेला नव्हता, आधी क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवायचा. म्हणजे जे काही आहे ते सगळं सात वर्षांतलं.

तो गेल्यावर निर्माते ओरिन कीपन्यूज आणि एव्हान्स यांनी त्या दिवसाच्या टेपांमधून लाफारो ठळक ऐकू येईल असे तुकडे निवडून हा अल्बम काढला. पहिला 'ग्लोरियाज स्टेप', शेवटचा 'जेड व्हिजन्स', दोन्ही त्याच्याच रचना. उरलेल्यातून पुढे 'वॉल्ट्झ फॉर डेबी' आला. तो जास्त लोकप्रिय आहे, आणि का ते मला कळतं, पण माझा जीव 'संडे'त आहे. 'जेड व्हिजन्स'मध्ये तर लाफारो वेग पूर्ण सोडून देतो. संथ, घनगंभीर. इतकी चपळ बोटं असलेला मुलगा इतका थांबू शकतो!

तर सांगा, तुमच्याकडे काय चालू आहे? बेस पुढे असेल तर उत्तमच. फक्त नावं टाकू नका, कान कुठे लावायचा तेही लिहा.

मंद्रसप्तक

शुभदाताई, आधी एक सांगा, ऐकताय कशावर? डबल बेसची सर्वांत खालची तार साधारण 41 हर्ट्झवर असते. मोबाइलच्या स्पीकरमधून तो मूळ सूर बाहेर येतच नाही, मेंदू वरच्या स्वरांवरून त्याचा अंदाज बांधतो. बेससाठी ऐकायचं तर बरे हेडफोन हवेतच.

माझ्याकडे बेसवादक चार्ल्स मिंगसचा 'मिंगस आह अम' चालू आहे, 1959 चा. त्याच वर्षी, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या त्याच 30 व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' ध्वनिमुद्रित झाला. दोन्ही लागोपाठ ऐकून बघा. एकीकडे सगळे जपून पावलं टाकतात, दुसरीकडे मिंगस मागून ओरडून माणसांना पुढे ढकलतो. 'गुडबाय पोर्क पाय हॅट' ही संथ चीज सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसाठी आहे. तो त्याच वर्षी मार्चमध्ये वारला होता.

जाता जाता, मिंगस 1979 च्या जानेवारीत मेक्सिकोत गेला, आणि त्याच्या अस्थी त्याच्या पत्नीनं आपल्या गंगेत सोडल्या.

शुभदा_नाशिक

हेडफोनच आहेत, वायरवाले. रात्री सगळे झोपल्यावरच ऐकते, त्यामुळे स्पीकरचा प्रश्नच येत नाही.

अस्थींचं माहीत नव्हतं. वाचून थोडा वेळ तशीच बसले.

मिंगस मला आवडतो, पण मी सध्या ज्याच्या मागे आहे ते हे नाही. मिंगस मालक आहे. बँड त्याचा, रचना त्याच्या, वाद्य कुठलंही असतं तरी तो पुढेच असता. लाफारोला कुणी पुढे बोलावलेलं नाही. त्यानं दुसऱ्याच्या ट्रिओत आपली जागा तयार केली, आणि एव्हान्सनं ती होऊ दिली.

धोबीतलाव

ताई, मग तुम्ही त्याच तळघरात चार वर्षं मागे जा. सॅक्सोफोनवाला सॉनी रोलिन्स, 'अ नाइट ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड', 3 नोव्हेंबर 1957. पियानो नाही! सॅक्सोफोन, बेस आणि ड्रम, बस. पियानो सूर भरून देत नसल्यामुळे बेसवाल्याला लपायला जागाच उरत नाही. रात्रीच्या सेटमध्ये विल्बर वेअर बेसवर आणि एल्विन जोन्स ड्रमवर. वेअर तुमच्या लाफारोच्या अगदी उलट. मोजके सूर, बहुतेक खालचेच, आणि मधल्या जागा मोकळ्या. 'सॉफ्टली ॲज इन अ मॉर्निंग सनराइज'मधला त्याचा सोलो ऐका. दुसरा कुणी असता तर चौपट सूर वाजवले असते.

रोलिन्सला मी प्रत्यक्ष ऐकलंय. 1978 चा पहिला 'जॅझ यात्रा' महोत्सव, मुंबईतलं आमचं खुलं रंगभवन. वर उघडं आकाश आणि समोर तो. त्याच्या आधी, साठच्या दशकाच्या अखेरीस, तो पवईच्या आश्रमात येऊन राहून गेला होता. मुंबईतल्या फार थोड्यांना हे माहीत आहे. मला याचा मुंबईकर म्हणून अभिमान वाटतो.

रेवा_एडिसन

माझं उत्तर नियमात बसतं का बघा. ॲलिस कोल्ट्रेन, 'जर्नी इन सच्चिदानंद', 1971. नाव झालं ते तिच्या हार्पचं आणि फॅरो सँडर्सच्या सोप्रानो सॅक्सोफोनचं, पण पहिल्या चिजेत सेसिल मॅकबीचा बेस ऐका. एक छोटी ओळ धरतो आणि तीच फिरवत राहतो. मागे तंबोरा आहे, खराखुरा. आमच्याकडे माझी आई गाण्याचा रियाज करते, ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि विचारलं, "हा खालचा कोण आहे गं?" सॅक्सोफोनबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही.

शुभदा_नाशिक

रेवा, बसतं म्हणजे काय, आईंनी बरोबर माणूस पकडला. त्यांना माझा नमस्कार सांगा. मॅकबी लाफारोसारखा संवाद करत नाही, पण ती ओळ काढून घेतली तर हार्प कशावर उभी राहील?

धोबीतलावकाका, काल रात्री वेअर ऐकला. तुम्ही म्हणता तो सोलो मागे नेऊन पुन्हा पुन्हा लावला. त्यात तो मूळ चालीच्या फार लांब जातच नाही. तिचेच तुकडे घेतो, उलटसुलट ठेवतो, आणि एखादा सूर असा उशिरा टाकतो की आपण आधीच मनात म्हणून मोकळे झालेलो असतो. एल्विन जोन्स तेवढा वेळ किती जपून वाजवतो, तेही लक्षात आलं. लाफारो मला अजूनही जवळचा आहे, पण वेअरनंतर तो आज जरा बडबड्या वाटला, आणि हे मी मनापासून लिहितेय.

काका, रंगभवनात रोलिन्सबरोबर बेसवर कोण होतं, आठवतंय का? आठवत असेल तर सविस्तर लिहा. आणि मंद्रसप्तक, पियानो नसलेले अजून अल्बम तुमच्याकडे असणार. नावं द्या, शनिवार मोकळा आहे.