द्यूतप्रसंगातील द्रौपदी : प्रबंधाची मांडणी कशी करावी?

गिरणाकाठ, चाळीसगाव
एम. ए.च्या लघुप्रबंधासाठी 'महाभारतातील स्त्रीवरील लैंगिक अत्याचार' हा विषय मी घेतला आहे. आपल्या भागात वस्त्रहरण बहुतेकांना कीर्तनातून ठाऊक असते आणि तेथे सारा भर श्रीकृष्णाच्या धावून येण्यावर असल्यामुळे सभेत बसलेल्यांकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. भक्तीच्या प्रसंगात अत्याचाराचा अभ्यास कसला, असा आक्षेप मला ऐकावा लागतो. संहितेच्या आधारे त्याचे उत्तर कसे द्यावे?

पांझरा, धुळे
प्रथम भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली संहिता, उघडावी. सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी द्रौपदीने केलेला श्रीकृष्णाचा धावा मुख्य संहितेत न ठेवता तळटीपांत दिला आहे. तो बाजूला झाला की उरतो तो तिचा सवाल : आधी कोणाला हरलात, स्वतःला की मला? भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून मोकळे होतात. धृतराष्ट्राच्या मुलांपैकी विकर्ण तेवढा तिच्या बाजूने बोलतो, तर कर्ण त्याला गप्प करतो, अनेक पती असलेली ही स्त्री 'बंधकी', म्हणजे कुलटा, आहे, तेव्हा तिला एकवस्त्रा काय किंवा विवस्त्र काय, सभेत आणण्यात नवल नाही असे म्हणतो, आणि मगच वस्त्रे काढण्यास सांगतो. आधी चारित्र्यावर शिंतोडे आणि मग वस्त्रांना हात, हा क्रम नीट टिपून ठेवावा. पीडितेच्या चारित्र्यावरून तिची साक्ष खोडण्याची मुभा आपल्या पुरावा कायद्यातही होती. कलम १५५(४) वगळले गेले ते २००२च्या दुरुस्तीने.

वाचनवेडा, अमळनेर
पांझरा यांच्याशी सहमत आहे. ताराबाई शिंदे यांची १८८२ची 'स्त्रीपुरुष तुलना'ही अवश्य वाचावी. शेजारच्या बुलढाण्याच्या या बाईंनी पुराणकथांचीही गय केलेली नाही.

सातपुडा, शहादा
एक गोष्ट मात्र वरच्या चर्चेतून निसटते आहे. द्रौपदीचा सगळा युक्तिवाद आपण दासी झालो की नाही यावर उभा आहे. दासीच्या वाट्याला हे आले असते तर काय, हा प्रश्न त्या सभेत कोणीही विचारत नाही, अगदी विदुरही नाही. विराटपर्वात तीच द्रौपदी सैरंध्री होऊन चाकरीत असते, राणी सुदेष्णा स्वतः तिला सुरा आणण्याच्या निमित्ताने कीचकाच्या घरी पाठवते, आणि पुढे कीचक भर सभेत तिला लाथ मारतो तेव्हा राजा विराट म्हणतो, की तुमचा तंटा माझ्या डोळ्यांआड झालेला आहे. राणीच्या प्रश्नावर निदान खल तरी झाला. चाकरणीच्या तक्रारीला एवढ्यावरच वाटेला लावले. म्हणून कीचकाचे प्रकरण परिशिष्टात न टाकता द्यूतप्रसंगाच्या शेजारीच ठेवावे आणि दोन्ही सभा एकत्र वाचाव्यात, असे मी सुचवेन.