धाकट्याला मराठी शाळेत घालावं का?

खानापूरची पोरगी:
गावातल्या मराठी हायस्कूलात दहावी केली, आता बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहे. दहावीला मराठी प्रथम भाषा, १२५ मार्कांचा पेपर, त्यात मी वर्गात पहिली. कॉलेजात त्याचं कुणाला काय? शिकवणं इंग्रजीत, पण शंका विचारली की सर कन्नडमधून समजावतात. मी मान हलवते आणि नंतर मैत्रिणीची वही मागते.

कोल्हापुरात मामाकडं गेलं की मामेभाऊ "कानडी आली" म्हणून माझ्या बोलण्याची नक्कल करतो. तो इंग्रजी शाळेतला, सत्तावन म्हटलं की त्याला आकडा कळत नाही. तरी मराठी तोच!

जूनमध्ये धाकट्याला पहिलीत घालायचंय. आई म्हणते मराठी. बाबा म्हणतात कन्नड. आमचा सीमाभाग कर्नाटकात घातला म्हणून दर १ नोव्हेंबरला निघणाऱ्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीत जाणारा माणूस असं म्हणतोय, मला काही सुचेना.

येळ्ळूरचा तात्या:
बाबांवर चिडू नको बाळ. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, पोलीस ठाण्यात कन्नड. सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, निकालापर्यंत पोरगं थांबणार होय? पण पट घसरला की मराठी शाळेतला मास्तर जातो, हेही त्यांना सांग.

पुण्यातला सीमावासी:
मराठीतच घाला. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागासाठी वेगळी सोय आहे, मी त्यातूनच आलो. हॉस्टेलवर मलाही "कर्नाटकवाला" म्हणतात. म्हणू देत.

कडोलीच्या बाई:
अर्धीच माहिती देऊ नका. ती सोय सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या पोरांसाठी आहे. माध्यम मराठीच हवं असं नाही. आणि कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्यानं कन्नड मराठी शाळेतही शिकवावंच लागतं. तेव्हा शाळेत जाऊन बघ, कन्नडच्या तासाला पोरं बोलतात का नुसती फळ्यावरचं उतरवतात. माझ्या वर्गातली पोरं क्रिकेट खेळताना माझ्यापेक्षा बरं कन्नड बोलतात आणि पेपरात गटांगळ्या खातात. बोलणारं पोरगं मराठी शाळेतून गेलं तरी कॉलेजात अडत नाही. माझं मत मराठी शाळा, पण असा तास असेल तरच.

खानापूरची पोरगी:
आमच्याकडं फळाच होता बाई. धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं उतरवायची, संपलं. सोमवारी आईला घेऊन शाळेत जाते, तासाला मागं बसू देतात का बघू. बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. शाळेबद्दल काही बोलले नाहीत, तात्या येळ्ळूरचे म्हणजे कुठल्या गल्लीतले, एवढंच विचारतायत.