राजपत्रात छापलं म्हणजे गावाला कळलं?

कूरकर

परवा ‘फाईलवाला’ यांनी इथं लिहिलं: "शासन निर्णय संकेतस्थळावर येतात, राजपत्र ऑनलाईन निघतं, मोबाईल प्रत्येकाच्या हातात आहे. तरी लोक ‘आम्हाला कळवलंच नाही’ म्हणून गळा काढतात. चावडीवरचे कागद आणि पेपरातल्या नोटिसा आता बंद कराव्यात, जनतेचाच पैसा वाचेल." खाली अंगठ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर देऊन झोपणार होतो, जमलं नाही.

साहेब, राजपत्र तुम्ही शेवटचं कधी उघडलंय? मी उघडतो, म्हणून विचारतोय. भाग एक, एक-अ, चार-अ, चार-ब, असाधारण, वर विभागीय पुरवण्या. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्याचं काही असलं तर ते पुणे विभागाच्या पुरवणीत बघायचं, हे गावात किती जणांना ठाऊक असेल? बरं, सापडलं तर पीडीएफ. जुनी असली की शोधाच्या चौकटीत गावाचं नाव टाकून काही हाती लागत नाही, कारण तो नुसता कागदाचा फोटो. गट नंबरांचा तक्ता आडवा छापलेला. मोबाईल फिरवला की तक्तापण फिरतो.

२०२४ च्या सुरुवातीला नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाच्या भूसंपादनाची अधिसूचना निघाली. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल, भुदरगड, आजरा, एवढ्या तालुक्यांत संकेतस्थळ बघून कुणाला कळलं ते हात वर करा. आमच्या चुलत्यांना कळलं डेअरीवर दूध घालायला गेल्यावर. कुणीतरी तक्त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेला, त्यात निम्मे गट कापलेले. हरकतींचे दिवस चालू झालेले, आणि आम्ही अजून आपला गट त्यात हाय का न्हाय यावरच भांडत बसलेलो. चावडीवर कागद लागला तो त्यानंतर. आणि तुम्ही म्हणताय तोसुद्धा काढा.

फाईलवाला

भावनेचं बाजूला ठेवा. कायद्याला एक तारीख लागते. दवंडी कुणी ऐकली आणि कुणी नाही याचा पुरावा काय? चावडीवरचा कागद पावसात भिजला, शेळीनं खाल्ला, कोतवालानं लावलाच नाही, तर काय अधिसूचना रद्द? राजपत्राची तारीख कुणाला मागं-पुढं करता येत नाही, म्हणून ते आहे.

राहिलं व्हॉट्सॲप. तिथं फिरणारे निम्मे जीआर बोगस असतात. खऱ्या जीआरच्या शेवटी १८ अंकी संकेतांक असतो, पहिले आठ अंक म्हणजे तारीख. तो साइटवर टाकला की खरं-खोटं मिनिटात कळतं. एवढ्याला काय पदवी लागत नाही. उसाला कुठल्या कारखान्यानं किती दर काढला, हे मात्र तुम्हाला रात्री दोनलासुद्धा बरोबर कळतं!

कूरकर

उसाचा दर कळतो, कारण संघटनेची पोरं गावात येऊन बोंबलून सांगतात. तुमचा कक्ष अधिकारी कधी आलावता सांगायला?

कोर्टकचेरी

कायद्याचं नाव निघालंय म्हणून लिहिते. हर्ला विरुद्ध राजस्थान, सर्वोच्च न्यायालय, १९५१. जयपूर संस्थानात १९२३ मध्ये अफूच्या कायद्याला मंत्रिमंडळानं ठराव करून मंजुरी दिली आणि ठराव ठेवून दिला, कुठं प्रसिद्धच केला नाही. पुढं हर्लाला ५० रुपये दंड झाला. सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. लोकांना कळायची कुठली वाटच ठेवली नसेल तर तो कायदा त्यांच्यावर चालवता येत नाही, असं ते म्हणणं.

पण कूरकर, यावर लगेच पेढे वाटू नका. प्रत्येकाला प्रत्यक्ष कळलंच पाहिजे असं कोर्ट म्हणत नाही. कळायची सोय पाहिजे, एवढंच. आणि राजपत्रात छापायचं ते इलेक्ट्रॉनिक राजपत्रात आलं तरी चालतं, हे माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. तेव्हा फाईलवालांचा पहिला मुद्दा टिकतो.

दुसरा, कागद आणि नोटिसा बंद करायचा, टिकत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं कलम ११ वाचा. राजपत्र, त्या भागातली दोन दैनिकं (त्यातलं एक स्थानिक भाषेतलं), ग्रामपंचायत, तहसील कार्यालय, संकेतस्थळ, शिवाय बाधित गावं. यातलं एक निवडा असं म्हटलेलं नाही, सगळंच करायचंय. शक्तिपीठाची अधिसूचना राज्याच्या १९५५ च्या महामार्ग कायद्याखालची आहे, तिथलं गणित वेगळं. पण संसदेला २०१३ मध्येही पंचायतीच्या फळ्यावरचा कागद लागतो, तर तो शहरातल्या ताराबाई पार्कात बसून कुणी कसा काढणार?

फाईलवाला

मी ताराबाई पार्कात राहतो याचा आणि कलम ११ चा काय संबंध?

गंगावेस

भावांनो, तुमच्यात निदान अधिसूचना निघते तरी! आमच्यात काय? १५ डिसेंबर १९७२ ला कोल्हापूरची महापालिका झाली, तेव्हापास्नं हद्द इंचभर सरकलेली नाही. ६६.८२ चौरस किलोमीटर म्हणजे ६६.८२. हद्दीत घ्यायच्या गावांची कधी ४२ ची यादी जाते, कधी १८ गावं आणि दोन एमआयडीसी, कधी आठच गावं. फाईल मुंबईला, मोर्चा हिकडं. २०१७ मध्ये हद्दवाढ मागितली तर हातात ४२ गावांचं प्राधिकरण ठेवलं. राजपत्र कुठं छापलं यावर कशाला डोकं फोडताय, छापतच न्हाईत त्यावर बोला की.

पाचगावकर

आला बघा! विषय पीडीएफचा, आणि हे गंगावेशीतनं थेट आमच्या उंबऱ्यात.

मर्दा, आधी हाय त्या हद्दीत तरी बघा. १९७२ पासून महापालिकेत असलेल्या उपनगरांत गटारी न्हाईत आणि तुम्हाला पाचगाव, कळंबा, उचगाव पाहिजे. काळम्मावाडी धरणाचं थेट पाईपलाईनचं पाणी २०२३ च्या दिवाळीत आलं, त्याआधी किती वर्षं नुसती खुदाई बघितलीय सगळ्यांनी. आम्हाला कशाला त्यात ओढताय? हद्दवाढ म्हणजे तुमच्यासाठी केंद्राचा निधी आणि आमच्यासाठी घरफाळा.

गंगावेस

घरफाळा आला की लगेच सगळे शेतकरी. पाचगावात शेत कुठं राह्यलंय दाखव, सगळे प्लॉटच. केएमटीच्या बसनं रोज शहरात येता, पोरं शहरातल्या शाळेत, दवाखाना सीपीआर, फिरायला रंकाळा. आणि फाळा म्हटलं की ‘आमची ग्रामपंचायत’.

पाचगावकर

सीपीआर राज्य सरकारचं हाय खुळ्या, महापालिकेचं न्हवं. केएमटीचं तिकीट आम्ही काढतो, फुकट बसत न्हाई. आणि नगरसेवकाचं काय सांगतोस? नोव्हेंबर २०२० पासून पाच वर्षं नुसता प्रशासक. नळाला पाणी न्हाई म्हणून कुणाच्या दारात जात होता तुम्ही? आम्ही सरपंचाच्या दारात जाऊन ओरडतो तरी. तो सकाळी दात घासताना सापडतो.

गंगावेस

सरपंच सापडतो, गुंठेवारी कोण करतो ते पण तिथंच सापडतं. जास्त बोलायला लावू नकोस.

पाचगावकर

बोल की! नाव घेऊन बोल.

कूरकर

अहो, धागा चावडीच्या नोटिशीचा हाय. हद्दवाढीसाठी वेगळा काढा, दोघं मिळून काढा.

गंगावेस

हद्दवाढ पण अधिसूचनाच हाय. विषयाला धरूनच चाललंय.

खडूफळा

मी जीआर नेमानं वाचणाऱ्यातला, नोकरीच तशी होती. वाचून काय मिळालं ते सांगतो. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदीचा जीआर. १७ जूनला त्याचं शुद्धिपत्रक, तोवर शाळा उघडलेल्या. जूनअखेर दोन्ही रद्द. गल्लीतल्या पालकांना मी तीन वेळा तीन गोष्टी सांगितल्या, आता ते मला बघून रस्ता बदलतात.

दुसरं. १४ मार्च २०२४ चा जीआर: १ मे २०१४ ला किंवा नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव. चांगला निर्णय. नातीच्या एका दाखल्यासाठी गेलो, अर्ज तसाच भरला. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, असा काही नियम नाही. मी मोबाईलवर जीआर काढून दाखवला, संकेतांकासकट. त्यांनी बघितला, परत दिला आणि म्हणाले, "आमच्याकडं वरून आलेला नाही." आता फाईलवाला, जीआर साइटवर आहे, मोबाईल हातात आहे, माणूस वाचणारा आहे, तुमच्या सगळ्या अटी पुऱ्या. सरकारच्याच खिडकीला जो पोचला नाही तो कूरच्या चुलत्यांनी वाचायला हवा होता म्हणता?

फाईलवाला

हा दोष प्रसिद्धीचा नाही, पत्र पुढं न पाठवणाऱ्या शाखेचा आहे. आणि शाखेत माणूस असतो का ते कधी बघितलंत? निम्मी पदं रिकामी. आहे तो कारकून मतदार यादीला, नाहीतर सर्वेक्षणाला, नाहीतर कुणाच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला जुंपलेला. नेमणुकांच्या जाहिराती निघतात, परीक्षा होतात, निकाल कोर्टात अडकतात. खिडकीतल्या माणसाला शिव्या घालणं सोपं आहे. त्यानं तीन टेबलं एकट्यानं सांभाळलेली असतात.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

कोल्हापुरात वाद झाला आणि शाहू महाराज आले नाहीत असं होत नाही, तेव्हा मीच आणतो. २६ जुलै १९०२. महाराज विलायतेत होते आणि इकडं करवीर सरकारच्या गॅझेटात हुकूम छापला: इथून पुढं रिकाम्या होणाऱ्या जागांतल्या पन्नास टक्के मागासलेल्या वर्गांना. भाषणात सगळे इथंच थांबतात. पण त्याच हुकुमात होतं की हुकमानंतरच्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता खातेप्रमुखांनी दर तिमाहीला पाठवायचा. छापून मोकळे झाले नाहीत, मागं तगादा ठेवला. आताच्या जीआरखाली प्रती कुणाकुणाला त्याची यादी असते, राज्यपालांच्या सचिवांपासून निवडनस्तीपर्यंत, म्हणजे कार्यालयाच्या फायलीत ठेवायच्या प्रतीपर्यंत. ती यादी वाचताना वाटतं, सगळ्या महाराष्ट्राला कळलं! पुढं कुणी काय केलं, ते विचारणारी ओळ शोधून सापडत नाही.

फाईलवाला

तिमाही तक्ते आजही असतात, साप्ताहिकसुद्धा असतात. भरून भरून बोटं झिजली आमची. ते वरती कुणी वाचत नाही. तेव्हा वाचणारा महाराज होता, एवढा फरक.

आणि लोकांना कळत नाही हे मला पटत नाहीच. १ ऑगस्ट २०२५ ला उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचची अधिसूचना निघाली. कुणी दवंडी पिटली? तरी सहा जिल्ह्यांत कळलं, शहरात फटाके वाजले, १८ तारखेला कामकाज सुरू. लोकांना हवं असलं की कळतं.

कूरकर

ती बातमी उशिरा कळली असती तर कुणाचं काय गेलं असतं? चाळीस वर्षं थांबलेले लोक अजून चार दिवस थांबले असते. आमच्यात चार दिवस उशीर म्हणजे हरकत बाद. शक्तिपीठाचंच घ्या. ऑक्टोबर २०२४ ला, निवडणुकीच्या तोंडावर, कोल्हापूरपुरती अधिसूचना रद्द झाली. गावात गुलाल पडला. जून २०२५ ला मंत्रिमंडळानं २०,७८७ कोटींना मंजुरी दिली, आणि परत सगळे विचारायला लागले, आपण त्यात हाय का न्हाय? एका कार्यालयात गेलो तर म्हणाले, ‘साइट बघा’. साइट बघूनच तर गेलोवतो!

कोर्टकचेरी

रद्द म्हणजे कायमची रद्द असं समजू नका, नव्यानं काढता येते. म्हणून सांगते, गावात एकानं तरी दर आठवड्याला पुरवणी चाळायची सवय लावा. आणि राजपत्रात आलं म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही नाही. शिक्षण हक्क कायद्यातून (आरटीई) खासगी शाळांना सूट देणारी ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना जुलैमध्ये उच्च न्यायालयानं रद्द केलीच.

फाईलवाला

ठीक आहे. चावडीवरचा कागद राहू दे. तुमच्या शेळ्यांची सोय होईल. पेपरातली नोटीसही राहू दे, फक्त ज्याचा अंक संपादकाच्या घरीसुद्धा पोचत नाही अशा पेपरात देऊन हात झटकायचे नाहीत. पण तक्ता उभा छापा आणि शोधता येईल असा टाका, ही मागणी कूरकरांनी लेखी करावी. मी मसुदा करून देतो. नाहीतर तुम्ही दोन पानं शिव्याच लिहाल.

कूरकर

द्या करून. शिव्या मी खाली जोडपत्रात घालतो.

गंगावेस

आणि हद्दवाढ?

पाचगावकर

काढा की अधिसूचना, अडवलंय कुणी? फक्त आधी आमच्या चावडीवर लावा. हरकतीचे अर्ज आम्ही छापूनच ठेवल्यात.