मदत हवी आहे: एमटाइमची टेस्ट लॅपटॉपवर पास, पेनड्राइव्हवर नापास

राम राम मंडळी. मी पांढरकवड्याकडचा, जिनिंगवर काट्याचं काम पायतो. कापसाच्या दर गाडीची पावती म्हणजे एक फाइल, आन हिशोब चुकता झाला की त्या फाइलचा एमटाइम, म्हणजे फाइल शेवटी कवा बदलली ती वेळ, आताचा करायचा म्हणजे रात्रीचं बॅकअप तेवढ्याच फाइली उचलते, असं एक छोटं टूल मी पायथनमधी लिहिलं, कमांड लाइनवर चालते, फाइलची वेळ बदलणारी टच कमांड असते ना, तिचा लहान भाऊच समजा. टूल ठीक वाटते, गोची टेस्टची हाये.

टेस्टमधी फाइल बनवतो, एमटाइम टिपतो, टूल चालवतो, परत एमटाइम पायतो, वाढला असन तं पास. लॅपटॉपवर लिनक्स हाये, तिथं कितीबी वेळा चालवा, पास. पण माल सगळा राहते पेनड्राइव्हवर, आन तिथं जुना नवा एमटाइम सेम टू सेम, नापास. मधात एक सेकंद थांबायचा स्लीप टाकला तं कधी पास कधी नापास. काहून होत असन? टूल चुकते का टेस्ट?

प्रतिसाद:
भाऊ, टूलला बोल लावू नका, पेनड्राइव्ह फॅट32 (फाइली साठवायची एक जुनी पद्धत) असणार. फॅटवर एमटाइम दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं लिहिला जातो. फाइल 10:15:04 ला बनली आणि टूल 10:15:05 ला चाललं, तरी दोन्हीकडे 04 च दिसणार. लॅपटॉपवर लिनक्सची एक्स्ट4 पद्धत असेल, ती नॅनोसेकंदात लिहिते. स्लीप दोनचा केला तर पास होईल, पण चाळीस टेस्ट झाल्या की ऐंशी सेकंद नुसती वाट बघण्यात जातील. त्यापेक्षा टूलच्या आधी टच डॅश डी देऊन फाइल 2001 सालात ढकला, मग टूल चालवा आणि एमटाइम टूल सुरू व्हायच्या दोन सेकंद आधीपासून ते टूल संपेपर्यंत या मधात पडतो का ते तपासा. 1970 घेऊ नका बरं, फॅटचं कॅलेंडरच 1980 पासून सुरू होतं. आणि चुकून सीटाइम (फाइलची नोंद शेवटची कधी बदलली ती वेळ) वाचू नका, टच मारला की एक्स्ट4 वर तो आपोआप आताचा होतो, मग टूलनं काहीच केलं नाही तरी टेस्ट पास!

परत मीच:
दादा, जमलं. 2001 टाकलं तशी पेनड्राइव्हवरबी पास. मंग टूलमधली वेळ बदलायची ओळ मुद्दाम कॉमेंट करून पायली तं नापास झाली, म्हणजे टेस्ट आता खरं बोलून रायली. पण एक नवीनच निघालं, पावती नंबर चुकीचा टाकला तं टूल त्या नावाची रिकामी फाइल बनवून मोकळं होते, टचवानी. कापूस नाही, गाडी नाही, आन पावती तयार! टचले डॅश सी असते, फाइल नसन तं बनवू नको म्हणणारं, तसं आपल्याबी टूलले पायजे. आता लाइन गेली, आली की त्याची टेस्ट लिहितो.