जीपीएल सर्व्हरला टीएलएस जोडताना

सोलापूरच्या टॉवेल कारखानदारांना स्टॉकचं सॉफ्टवेअर देताना त्यातल्या जीपीएल-२ (मुक्त सॉफ्टवेअरचा एक परवाना) वरच्या वेब सर्व्हरला टीएलएससाठी, म्हणजे ब्राउझरशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध करण्यासाठी, ओपनएसएसएल ही लायब्ररी थेट जोडावी (लिंक करावी) का, हा प्रश्न. स्वतःच्याच मशीनवर चालवणार असाल तर अडचण नाही. पण कारखान्यांना इन्स्टॉलर दिला की ते वितरण झालं, आणि जीपीएलच्या अटी लागू झाल्या.

आधी सोर्स फाइलींचे मथळे वाचा. 'आवृत्ती २ किंवा नंतरची कोणतीही' असं असेल तर जीपीएल-३ निवडा आणि ओपनएसएसएल ३ घ्या. २०२१ पासून ते अपाचे २.० परवान्यावर आहे, दोन्हींचं जमतं. फक्त 'आवृत्ती २' असेल तर जमत नाही. ओपनएसएसएलच्या जुन्या १.१.१ आवृत्तीच्या परवान्यात जाहिरातीचं कलम (जाहिरातीत ओपनएसएसएलचा उल्लेख करायची अट) होतं, ते तर कुठल्याच जीपीएलशी जुळत नाही, शिवाय त्याचे मोफत सुरक्षा अपडेट २०२३ मध्ये बंद झाले. ऑपरेटिंग सिस्टिमसोबत येणाऱ्या लायब्ररींना जीपीएल देतं ती सवलतही भरवशाची नाही, कारण लायब्ररी तुम्हीच सोबत देताय. ओपनएसएसएल जोडायची खास सूट हवी तर कोड लिहिणाऱ्या प्रत्येकाची संमती लागते. एकानं पॅच देऊन संपर्क तोडला असेल तर त्याचा भाग नव्यानं लिहावा लागतो.

माझं स्पष्ट मत: लिंक करूच नका. पुढं एनजिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर ठेवा, ४४३ या एचटीटीपीएसच्या पोर्टवर; टीएलएस तोच सांभाळेल. वेगळी प्रोसेस, त्यामुळे परवान्याची गाठच पडत नाही. मूळ सर्व्हर मात्र १२७.०.०.१ (त्याच मशीनचा आतला पत्ता) वरच बांधा. ०.०.०.० (मशीनचे सगळे पत्ते) राहिलं तर कारखान्याच्या नेटवर्कवर साधं एचटीटीपी उघडंच राहतं. विनंती एचटीटीपीएसवरून आली हे मूळ सर्व्हरला सांगणारं एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर विसरलात तर लॉगिनचं पान रिडायरेक्टच्या चकरा मारत बसतं.

मूळ सर्व्हरच्या आतच टीएलएस हवं असेल तर एमबेडटीएलएस ही दुसरी लायब्ररी बघा, ती जीपीएल-२ खालीही मिळते.