मदत हवी आहे: आईची मोफत तपासणी, कोणी करून घेतली आहे का?

आम्ही भांडुपला राहतो. गेल्या आठवड्यात पालिकेच्या आरोग्यसेविका घरी आल्या होत्या. आईचं (वय ५८) वय विचारलं, टेप लावून कंबर मोजली, मिश्री लावता का, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का, सगळं फॉर्मवर लिहून घेतलं. तिशीनंतर सगळ्यांसाठीच असते ही तपासणी: बीपी, शुगर, तोंडाचा कर्करोग, बायकांसाठी स्तन आणि गर्भाशयमुखाचाही. फॉर्मवरचे गुण चारच्या वर गेले की आधी बोलावतात. आईचे गेलेत, मिश्रीची कृपा!

आईचं एकच पालुपद, "मला काही होत नाही, मग कशाला?" अहो, काही होत नसतानाच करायची असते ती! गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं द्रावण लावून पाहतात, पांढरा डाग दिसला तर पुढची तपासणी. म्हणजे डाग दिसला की कर्करोगच असं नाही, हेही तिला पटत नाही.

तर विचारायचं असं, की पालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी बाई डॉक्टर किंवा नर्सच करतात का? निकाल लगेच सांगतात का? आणि काही निघालंच तर पुढे कुठे पाठवतात? भांडुप-मुलुंडकडचा अनुभव असेल तर प्लीज सांगा. आईला वाचून दाखवणार आहे.