पासारगादची सायरसची कबर : जरथुष्ट्री परंपरेच्या राजाला दगडी थडगे कसे?

पायवाट (प्रश्न)
माझे लहानपण मुंबईत डुंगरवाडीच्या, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीच्या जागेच्या, जवळपास गेले. तिथे मृतदेह उघड्यावर पक्ष्यांसाठी ठेवतात. पारशी समाज मृतदेह पुरत नाही आणि जाळतही नाही, कारण त्यामुळे पृथ्वी व अग्नी ही पवित्र तत्त्वे विटाळतात, हे मी तेव्हापासून ऐकत आलो आहे. आमच्या वर्गात दोन सायरस होते, आणि ते नाव पर्शियाच्या ज्या सम्राटावरून आले त्याची कबर इराणमध्ये शिराझच्या ईशान्येला पासारगाद येथे आजही उभी आहे, असे नुकतेच वाचनात आले. मग ही कबर त्या रीतीत कशी बसते? शिवाय छायाचित्रांत ही वास्तू फारच साधी दिसते. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या संस्थापकासाठी इतकेच का बांधले असावे?

जुनापुराणा
आजची पारशी रीत जशीच्या तशी इ.स.पूर्व सहाव्या शतकात नेऊन ठेवली, तर हा पेच सुटणार नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने नोंदवले आहे की, मागी पुरोहितांचे देह पक्षी किंवा कुत्र्याने फाडल्यावाचून पुरत नसत, तर इतर पर्शियन लोक देहाला मेण लावून तो पुरत. म्हणजे दोन्ही चाली एकाच वेळी नांदत होत्या. सायरस स्वतः पारशी धर्माचा संस्थापक जरथुष्ट्र याचा अनुयायी होता की नाही, हाही वादाचा विषय आहे. बाबिलोनमध्ये सापडलेल्या त्याच्या मृत्तिकालेखात मार्दुक देवाचे गुणगान आहे (अर्थात तो लेख बाबिलोनच्या लोकांसाठीच होता, हे विसरू नये), तर जरथुष्ट्री धर्माचा परमेश्वर अहुरमझ्दा याचे नाव ठळकपणे येते ते पुढे पर्शियन सम्राट पहिल्या दारियसच्या बेहिस्तून येथील शिलालेखात. तो दारियसही नक्श-ए-रुस्तमच्या कड्यात कोरलेल्या कबरीतच विसावला. देह दगडात बंदिस्त राहिल्यामुळे मातीचा विटाळ टळत असे, असे काही अभ्यासक सुचवतात. मला ते पटते, पण तो तर्क आहे.

टाकीचा घाव
साधेपणाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही वास्तू जवळून पाहिली की साधी राहत नाही. खाली सहा थरांचा, वर निमुळता होत गेलेला चौथरा आहे. त्याचे खालचे तीन थर उंच आणि वरचे तीन बुटके असल्यामुळे नजर आपोआप वरच्या खोलीकडे चढते. त्यावर कोकणातल्या घरासारखे दुपाखी छप्पर असलेली दगडी खोली आहे, आणि सगळ्याची मिळून उंची सुमारे 11 मीटर भरते. आतली जागा मात्र जेमतेम 3.2 मीटर लांब आणि 2.1 मीटर रुंद आहे, आणि दार इतके ठेंगणे की वाकूनच आत शिरावे लागते. छपराच्या पोटात पोकळी ठेवून दगडाचा भार कमी केलेला आहे.

चुना कुठेही वापरलेला नाही. अवजड चुनखडीचे दगड काठाकाठाने तंतोतंत घासून जुळवले आणि धातूच्या डमरूच्या आकाराच्या पट्ट्यांनी एकमेकांना जखडले. ही पद्धत अनातोलियाच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) पश्चिमेकडील लिडिया आणि आयोनियाच्या पाथरवटांची. सायरसने इ.स.पूर्व 546 च्या सुमारास लिडियाची राजधानी सार्डिस जिंकली, आणि तिथले कसबी हात पासारगादला आले. पुढच्या काळातल्या इराणी बांधकामांवर दातेरी छिन्नीच्या समांतर रेघा दिसतात, पण या कबरीवर त्या नाहीत. त्यामुळे ती सायरसच्या हयातीत, म्हणजे इ.स.पूर्व 530 पूर्वी, उभी राहिली असावी, असे मानण्यास बळ मिळते. पायऱ्यांच्या चौथऱ्यात मेसोपोटेमिया आणि एलामच्या झिगुरातांची, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या मंदिर-मनोऱ्यांची, आठवण आहे, तर छप्पर अनातोलियाच्या वळणाचे. जिंकलेल्या मुलखांतले आकार एकत्र आणून ते इतक्या संयमाने रचणे, यालाच मी त्या राजाची खरी श्रीमंती म्हणेन.

पायवाट
मनःपूर्वक आभार. पण मग ही कबर सायरसचीच, हे ठरले कशावरून? तिच्यावर लेख आहे का?

जुनापुराणा
आज तिच्यावर लेख नाही. ओळख पटते ती मुख्यतः ग्रीक वर्णनांवरून. अलेक्झांडरबरोबर आलेल्या अरिस्टोब्युलसने आतली सोन्याची शवपेटी, मंचक आणि मेज यांचे वर्णन केले होते, आणि ते एरियन व स्ट्रॅबो या नंतरच्या ग्रीक लेखकांच्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत पोहोचले. कबरीची राखण मागींकडे पिढीजात होती, आणि त्यांना राजाकडून रोज एक मेंढी, पीठ व मद्य आणि महिन्याला बळी देण्यासाठी एक घोडा मिळत असे. इ.स.पूर्व 324 मध्ये अलेक्झांडर भारतातून परतला तेव्हा कबर लुटलेली आढळली. त्याने मागींचा छळ करूनही चोराचे नाव निघाले नाही. शेवटी डागडुजी करून, दार दगडमातीने बुजवून, त्यावर राजमुद्रा उमटवण्यात आली. अलेक्झांडरच्याच बरोबर असलेला ओनेसिक्रिटस मात्र याच कबरीला दहा मजली मनोरा म्हणतो, तेव्हा हे साक्षीदारही पारखूनच घ्यावेत.

पुढे सायरसचे नाव लोक विसरले आणि ही वास्तू सुलेमान पैगंबराच्या आईची कबर म्हणून ओळखली जाऊ लागली. तेराव्या शतकात जवळच्या राजवाड्यांचे खांब आणून तिच्याभोवती मशीद उभारली गेली, आणि आतल्या भिंतीत मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, कोरला गेला. तो आजही आहे. माझ्या मते या नव्या नावानेच कबरीला वाचवले.

टाकीचा घाव
एक भर घालतो. छायाचित्रांत दगडांवर जे ओबडधोबड खळगे दिसतात, ते झिजेचे नाहीत. सांध्यांतला धातू काढून घेण्यासाठी नंतरच्या लोकांनी दगड फोडले. म्हणूनच अनेक खळगे दोन दगडांच्या सांध्यावर, समोरासमोर आहेत.